डावीकडची जागा

कलकत्त्याची थंडी म्हणजे नुसता बोभाटा. येणार येणार म्हणून महिनाभर आधीपासून गाजावाजा, आणि प्रत्यक्षात येते ती चार दिवसांच्या पाहुणीसारखी. पण या शहराचा थाट काय सांगावा! कार्तिक सरतोय न सरतोय तोच सगळे कानटोप्या चढवून बसतात. मासळीवाला कानटोपीत, ट्रामचा कंडक्टर कानटोपीत, आईच्या कडेवरचं तान्हं तर टोपीत शोधावं लागतं. सांगलीला कृष्णेच्या काठी कुडकुडलेली मी, मला पहिल्यांदा याचं फार हसू यायचं. आता पेटी उघडून डांबरगोळ्यांचा वास आला की घरात पहिली टोपी मीच चढवते.

परवा अशीच पेटीपुढे बसले होते तर नात आली. मुक्ता. जन्म इथला, शाळा इथली, मराठी घरापुरती आणि त्यातही बंगालीची फोडणी. म्हणाली, "आजी, मी माझ्या गाडीला जोर देणार. तू बोल, आधी काय बदली करू?"

तिची गाडी म्हणजे एवढीशी, ऑफिसला जायची-यायची. पण आता तिला ती पळवायची हौस आलीय. टायर रुंद घ्यावेत, का स्प्रिंगा कडक कराव्यात, का इंजिनाला हवा जास्त मिळेल असं काही बसवावं, असं तिचं चाललं होतं. मला विचारायचं कारण एवढंच की या शहरात मी कितीतरी वर्षं गाडी चालवली. मी चालवायची आणि तिचे आजोबा डावीकडे बसायचे. लोकांना त्याची मोठी मौज वाटायची. साहेब कुठले, हे तर मेमसाहेबांचे पाहुणे, असं म्हणायचे.

आधी काय बदलू? माझ्या हातातली शाल हातातच राहिली. अगदी हाच प्रश्न आमच्या घरात एक अख्खी थंडी चालला होता. आणि त्याच थंडीत मी हे शहर, हे घर आणि खरं सांगायचं तर यांनाही सोडून निघाले होते.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. साहेब लोक विलायतेला परत चाललेले, जाताना पियानोपासून कुत्र्यापर्यंत सगळं विकून जात होते. अशाच एका साहेबाची जुनी गाडी यांनी घेतली. काळी, दोन दारांची, ठेंगणी. वळायचं असलं की तिच्या बाजूतून एक छोटा लाल हात बाहेर यायचा आणि बरेचदा बाहेरच राहायचा. सकाळी हँडल मारल्याशिवाय ती उठायची नाही. सासूबाईंनी तिला पहिल्या दिवशीच हळदकुंकू वाहिलं आणि नाव ठेवलं, "डबी." यांना ते नाव मुळीच आवडलं नाही, पण शेवटी तेसुद्धा डबीच म्हणायला लागले.

हे खिदिरपूरला गोदीच्या कारखान्यात इंजिनियर होते. दिवसभर जहाजांच्या पोटात रिव्हेट ठोकायचे हातोडे, बॉयलरची फुसफुस, लोखंडावर लोखंड. घरी आले की यांना बोलायला नको असायचं. आणि बोलणार कुठे? घर दोन खोल्यांचं. एकीत आम्ही, एकीत सासूबाई, आणि मधे दार नाही, पडदा. सासूबाई वाईट नव्हत्या हो, मुळीच नाही. पण त्यांचे कान! खालच्या मजल्यावर दूध उतू चाललं तर त्यांना वर कळायचं. त्यांच्यादेखत नवऱ्याशी काय बोलणार, भाजीला काय आणू आणि धोबी आला होता का, एवढंच.

म्हणून आमचा संसार खरा असा रविवारी सकाळी डबीत व्हायचा. गंगेच्या काठाने जायचं, मैदानाला वळसा घालायचा, एस्प्लनेडला कधी काही घ्यायचं, परत. मैदानावर धुकं असायचं, त्यात मेंढरं चरत असायची, संत्र्यांच्या सालींचा वास यायचा. काचा बंद. आणि मी बोलत सुटायची. आठवडाभराचं साठलेलं. हे गाडी चालवायचे आणि "हं" म्हणायचे. आता तुम्ही म्हणाल, हे काय बोलणं झालं? पण यांच्या "हं"चे प्रकार मला पाठ होते. एक हसरा, एक "पुढे सांग"वाला, एक "हे काही मला पटलं नाही"वाला. माझं त्यावर छान चालायचं.

दुर्गापूजेचे दिवस आले आणि गेले. गल्लीत आठवडाभर ढाक, म्हणजे इकडचे मोठे ढोल, घुमत होते, रात्रंदिवस. त्यानंतर काय झालं कोण जाणे, यांचे सगळे "हं" एकसारखे झाले. मी हसण्यासारखं सांगितलं तरी "हं", रडण्यासारखं सांगितलं तरी "हं". डबीसुद्धा बिघडली. गिअर टाकताना अशी करवादायची की पदपथावरची माणसं वळून बघायची. पूर्वी यांच्या हातात गिअर लोण्यासारखा फिरायचा. मला वाटलं, गाडी म्हातारी झाली. आणि यांच्याबद्दल वाटलं, यांना बायको जुनी झाली.

खरं म्हणजे मला करमत नव्हतं. हे सकाळी जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. बंगाली येत नव्हतं. आपली मराठी माणसं सगळ्या शहरात विखुरलेली, एक गार्डन रीचला तर दुसरं भवानीपूरला, भेटणार ते गणपतीला नाहीतर संक्रांतीला. दुपार नुसती अंगावर यायची. संध्याकाळी घरोघरी कोळशाच्या चुली पेटायच्या, तो धूर थंडीत वर जायचा नाही, खालीच बसायचा. त्या धुरात खिडकीशी उभं राहून मी डोळे पुसायची आणि सासूबाई विचारायच्या, "धूर लागला वाटतं?" त्यांना कळत नव्हतं थोडंच. पण त्या धूरच म्हणायच्या.

एका रविवारी डबीत मी मनाचा हिय्या केला. रेसकोर्सच्या बाजूने चाललो होतो. मी समोर बघत म्हटलं, "मी सांगलीला जाऊ का? इथं माझं मन लागत नाही. किती दिवसांसाठी ते मलाच सांगता यायचं नाही."

आता हे विचारताना मला काय हवं होतं ते कुठल्याही बाईला सांगायला नको. मला हवं होतं की यांनी गाडी थांबवावी. रागवावं. काही नाही तर "वेडी आहेस का" एवढं तरी म्हणावं.

हे म्हणाले, "हं."

गिअर बदलला. गिअर करवादला. आणि डबी पुढे गेली.

झालं. एकदा हो म्हटल्यावर मी काय पुन्हा विचारणार होते? मीही माझ्या बापाची लेक. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, संक्रांतीनंतर मी माहेरी जातेय, दादा न्यायला येईल. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "त्याला विचारलंस?" म्हणाल्या. मी म्हटलं, "हो म्हणाले ते." सासूबाईंनी पलंगाखालची माझी ट्रंक ओढून बाहेर काढली, पुसली आणि भिंतीशी ठेवली. ती ट्रंक मग येता-जाता पायात यायला लागली. हेसुद्धा रोज तिला अडखळायचे आणि काही बोलायचे नाहीत.

बोलायचे ते डबीबद्दल. त्याच सुमाराला यांना गाडीला जोर द्यायची हुक्की आली. म्हणजे आधी नुसती हौस होती, आता ध्यासच. खिदिरपुरात गांगुलीबाबूंचं गॅरेज होतं. हा माणूस लढाईतल्या लष्करी भंगारातून काय काय उचलून आणून ठेवायचा आणि गिऱ्हाईकाला चहा पाजत पाजत त्याच्या गळ्यात मारायचा. गोरा, गोल, पान खाऊन लाल झालेलं तोंड. मला बौदी म्हणायचा, वहिनी म्हणतात तसं. त्याच्याकडे जाऊन हे तासन्‌तास बसायचे. दुसरा कार्बोरेटर लावावा का? दोन असले की इंजिनाला पेट्रोल आणि हवा पोटभर मिळते. का इंजिनाचं डोकं किंचित घासून घ्यावं, म्हणजे आतला दाब वाढतो? का आधी ब्रेक? जोर वाढवायचा तर थांबायची सोय आधी करावी, असं यांचं एक मन म्हणायचं. विलायती मासिकं आणायचे, जेवताना पानाशेजारी उघडी ठेवायचे.

घरात प्रत्येकाचं मत होतं. सासूबाई म्हणाल्या, "आधी खिडक्यांना पडदे लाव. सगळा रस्ता आत बघतो." मी म्हटलं, "आधी त्या सीटची स्प्रिंग बघा, बसलं की टोचते." यांनी दोघींकडे बघून मान हलवली आणि मासिकाचं पान उलटलं. माझा जीव नुसता जळायचा. बायको घर सोडून चाललीय आणि या गृहस्थाला पडलंय कार्बोरेटरचं! एकदा वाटलं, ते मासिक आमटीत बुडवावं. आमटी वाया गेली असती म्हणून राहिलं.

संक्रांत तोंडावर आली. पितळी डबे भरून तिळगूळ झाला. बाजारात खजुराच्या रसाचा नवा गूळ आला होता, इकडची माणसं त्याच्यासाठी जीव टाकतात. सासूबाईंनी यंदा थोडे लाडू त्या गुळाचे केले. म्हणाल्या, "सांगलीला ने. तिकडं मिळत नाही." लाडू बांधताना माझ्याकडे बघत नव्हत्या. मीही बघत नव्हते. दोघींच्या मधे परात होती आणि दोघी परातीकडेच बघत होतो.

आणि अशा वेळी, रविवारी सकाळी, हे मला घेऊन गांगुलीबाबूंकडे गेले आणि जाहीर केलं, "ठरलं. आधी एक्झॉस्ट."

गांगुलीबाबूंच्या हातातला चहा बशीत सांडला. "इंजिनियरबाबू, ओटा तो शेषे!" ते तर अगदी शेवटी करायचं, म्हणजे. मग माझ्याकडे वळून आपल्या हिंदीत समजावायला लागले, की बौदी, तुम्हीच सांगा यांना. आधी इंजिनाला जोर द्यायचा, मग धूर जायची नळी मोकळी करायची. नुसता सायलेन्सर काढून सरळ नळी घातली तर जोर कुठला वाढायला, नुसता आवाज होईल. गल्लीतली कुत्री मागे लागतील.

"आवाज होऊ दे," हे म्हणाले. "सरळ नळीच घाला."

नेहमी इतका सारासार बघणारा माणूस, घड्याळाला किल्ली देतानाही विचार करणारा, असं पोरकट काहीतरी करतो म्हणजे काय? पण माझा काय संबंध, मी चालले होते. गांगुलीबाबूंनी पानाची पिचकारी टाकली आणि कामाला लागले. मला बसायला एक मोडका बाक दिला, पुन्हा पुन्हा चहा दिला. दुपार कलायला लागली तेव्हा नळी बसली.

हँडल मारलं आणि देवा रे! डबी अशी काही गरजली की झाडावरचे कावळे उडाले. पत्र्याच्या शेडमधून आवाज परत अंगावर आला. मी पदराने कान झाकले. हे मात्र स्टिअरिंगच्या चाकामागे बसले आणि यांचा चेहरा मी पाहिला. इतक्या दिवसांत तो तसा पाहिला नव्हता. लहान मुलाला हरवलेला भोवरा सापडावा तसा.

घरी निघालो. रस्त्यावरची माणसं शिव्या घालत होती, हातगाडीवाले बाजूला होत होते. हे डोळे मिचकावत, मान जराशी तिरकी करून चालवत होते. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. गिअर एकदाही करवादला नाही. पहिला, दुसरा, तिसरा, पूर्वीसारखा लोण्यातून.

खिदिरपूरच्या गोदीपाशी एक पूल आहे. जहाज आत घ्यायचं असलं की तो अख्खा पूल बाजूला फिरतो आणि रस्ता तुटतो. आम्ही पोचलो तोच घंटा झाली, फाटक पडलं. पुढे बैलगाड्या, मागे लॉरी, बाजूने सायकली, रिक्षा, डोक्यावर पाट्या घेतलेले हमाल. यांनी इंजिन बंद केलं. समोर एवढं मोठं जहाज, भिंत चालावी तसं हळूहळू सरकायला लागलं.

मला राहवलं नाही. आमची बोलायची एकच जागा होती, तीही यांनी या दणदणाटाने घालवली. मी ओरडलेच, "काय मिळवलंत हे करून? आता बरं वाटतंय का कानाला?"

हे माझ्याकडे वळले. नुसते डोळे नाहीत, सगळेच वळले, उजवा कान पुढे करून. आणि म्हणाले, "वाटतंय ना! आता इंजिन ऐकू येतंय."

"आता म्हणजे?"

यांनी चाकावरचा हात काढला. मग सांगितलं. पूजेपासून डावा कान गेलाय. आधी वाटलं ढाकांनी दडा बसला असेल, सुटेल. एस्प्लनेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, हातोड्यांनी गेलाय, परत यायचा नाही. गोदीत कुणाला कळलं तर जहाजावर पाठवायचे नाहीत, टेबलावर बसवतील. आईला कळलं तर ती रडत बसेल. एका कानाने रस्त्याचा गोंगाट कुठला आणि इंजिन कुठलं ते कळत नाही, गिअर कधी टाकायचा समजत नाही.

"अहो, मग गाडी चालवायची कशाला!" मी म्हटलं. "घरी ठेवायची."

"तुला हावड्याला सोडायचंय ना," हे म्हणाले. "पुलावर त्या गर्दीत बंद पडली आणि मेल चुकली तर? म्हणून म्हटलं, बाकी सगळं नंतर. आधी हिचा आवाज मला ऐकू येऊ दे."

म्हणजे ही सगळी मासिकं, तो गांगुली, तो कार्बोरेटर का ब्रेक, हे सगळं मला नीट पोचवण्यासाठी. मला घालवण्यासाठी नव्हे हो, पोचवण्यासाठी. मी म्हटलं, "मग मी का चाललेय ते नाही विचारलंत?"

"आई म्हणाली, तू ठरवलंस. म्हटलं, कंटाळली असेल. मला तुझं निम्मं ऐकू येत नाही. कळत होतं मला, तू बोलतेयस. काय ते कळत नव्हतं. कुणाला आवडेल भिंतीशी बोलायला?"

मी काय ठरवलं होतं? मी विचारलं होतं! तोंडावर आलं होतं माझ्या. पण आमच्या खिडकीला टेकून एक बैलगाडीवाला आत बघत होता, पलीकडे दोन हमाल बिडी ओढत आमचीच मजा बघत होते. जहाजाचा भोंगा वाजत होता. ओरडून विचारण्यासारखी ती गोष्ट नव्हती. आणि हळू विचारायचं तर माझ्या बाजूला होता तो डावा कान. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. गाडीत मी कायम डावीकडे. पूजेपासून मी जे जे बोलले, आईची आठवण, धूर, दुपारी, सगळं त्या बंद दारावर गेलं. तो "हं"सुद्धा "हो" नव्हता. हे नुसतं माझे ओठ हलताना बघत होते आणि मला वाईट वाटू नये म्हणून "हं" म्हणत होते.

मी दार उघडून उतरले. डबीच्या पुढून वळसा घालून यांच्या बाजूला गेले, दार उघडलं. म्हटलं, "सरका."

"अगं, काय करतेस?"

"सरका म्हणते ना. तिकडं जाऊन बसा."

हे गोंधळले, पण सरकले. गिअरच्या दांड्यात धोतर अडकलं, ते सोडवत माझ्या जागेवर जाऊन बसले. बसल्यावर ती मोडकी स्प्रिंग टोचली असणार, कारण तोंड वाकडं झालं. मला बरंच वाटलं. मी चाकामागे बसले, शाल सावरली, दार ओढून घेतलं. बैलगाडीवाला हसायला लागला. हसू दे मेल्याला. आता यांचा उजवा कान माझ्या बाजूला होता, वीतभर अंतरावर. पांढरा केस एकही नव्हता तेव्हा यांच्या कानाशी.

मी आवाज चढवला नाही. रोजच्यासारखं, भाजी काय करू विचारावं तसं विचारलं, "मी सांगलीला जाऊ का?"

हे समोर बघत होते. जहाजाचा शेवटचा भाग निघून गेला, पलीकडचा रस्ता दिसायला लागला. पूल फिरून जागेवर यायला लागला. मी वाट बघितली. आयुष्यात तेवढी वाट मी कशाचीही बघितली नसेल.

"नाही," हे म्हणाले. आणि मग, "नको ना जाऊस."

फाटक वर गेलं. पुढची बैलगाडी हलली. मागचा लॉरीवाला भोंग्यावर हात दाबून बसला, त्याच्या मागचे सगळे दाबून बसले. मी डोळे पुसत होते, पदर कुठे आणि चाक कुठे कळत नव्हतं. यांनी खाली उतरून हँडल मारलं, डबी गरजली आणि हे धावत येऊन पुन्हा डावीकडेच बसले.

"क्लच दाब," हे म्हणाले. "डावा पाय."

"अहो, मला गाडी येत नाही!" मी ओरडले.

"ओरडू नकोस," हे म्हणाले. "मला ऐकू येतंय. तू दाब."